छात्राध्यापक वर्गावर असताना मार्गदर्शक शिक्षकाने काय करावे

दर वर्षी शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचे पत्र शाळेत येते, मुख्याध्यापक त्यावर सही करून ते पर्यवेक्षकांकडे देतात आणि दोन-चार दिवसांतच टाचणवह्या (पाठाचे नियोजन लिहायच्या वह्या), तक्त्यांच्या गुंडाळ्या आणि रंगीत खडूंच्या पेट्या घेऊन आठ-दहा छात्राध्यापक, म्हणजे शिकवण्याच्या सरावासाठी आलेले बी.एड.चे विद्यार्थी, शिक्षक खोलीच्या दाराशी येऊन उभे राहतात. त्यांतले दोघे-तिघे आपल्या विषयाचे म्हणून आपल्या वाट्याला येतात आणि त्या दिवसापासून आपण मार्गदर्शक शिक्षक ठरतो. वर्ग आपला, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करण्याची जबाबदारी आपली, आणि त्याच वर्गात आता दुसऱ्या कोणाला तरी शिकवायला शिकवायचे. या कामासाठी आपल्यापैकी बहुतेकांना कोणीही तयार केलेले नसते. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि हे काम बरीच वर्षे करत आले आहे. सुरुवातीची काही वर्षे मी पाठ संपल्यावर वहीत चार ओळींचा शेरा लिहीत असे आणि तेवढ्याने आपले काम झाले असे समजत असे. शेरा हा या कामातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे, हे मला उशिरा कळले. छात्राध्यापकाला खरा उपयोग होतो तो पाठाच्या आधी झालेल्या बोलण्याचा, आणि पाठ चालू असताना मुले काय करत होती याच्या जशाच्या तशा नोंदीचा. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः या दोन गोष्टी नीट कशा कराव्यात याविषयी आहे.

पत्र आल्यावर लगेच

बी.एड. एक वर्षाचे होते तेव्हा छात्राध्यापक सराव पाठाच्या दिवशी येत, ठरलेली तासिका घेत आणि निघून जात. मुलांची नावे कळण्याच्या आत त्यांचा शाळेशी संबंध संपलेला असे. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्या आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम काढले. त्यानुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून करायचा सराव, एकूण २० आठवड्यांची झाली: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ एक सत्र. एवढा काळ छात्राध्यापक आपल्या वर्गात असेल, तर त्याच्याकडे पाहुणा म्हणून पाहून चालत नाही.

विद्यापीठागणिक या आठवड्यांची विभागणी आणि पाठांची संख्या बदलते. म्हणून पत्र वाचून अंदाज बांधण्यापेक्षा गटाच्या प्राध्यापकांना शाळेत बोलावून अर्धा तास समोरासमोर बसावे आणि चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. पाठ किती आणि कोणत्या इयत्तांना द्यायचे आहेत, प्राध्यापक निरीक्षणाला कोणत्या दिवशी येणार आहेत, गुणदानात आपला वाटा किती आहे, आणि एखादा छात्राध्यापक मागे पडत असेल तर कोणाला व किती लवकर कळवायचे आहे. शेवटचा प्रश्न सर्वजण टाळतात. तो पहिल्याच बैठकीत विचारलेला बरा, कारण पुढे तो विचारावा लागतो तेव्हा त्याला एका माणसाचे नाव चिकटलेले असते.

शाळेच्या बाजूने पर्यवेक्षकांशीही एक गोष्ट ठरवून घ्यावी. रजेवर गेलेल्या शिक्षकांच्या ऑफ तासांवर छात्राध्यापकांना पाठवण्याची सवय बहुतेक शाळांना आहे. एखाद्या दिवशी अडचणीला ते समजू शकते, पण रोज तीन ऑफ तास सांभाळणारा छात्राध्यापक टाचण कधी लिहिणार आणि आपल्याशी कधी बोलणार? आठवड्याला अशा तासांची मर्यादा आधीच ठरलेली असावी.

बसायला खुर्ची, वह्या ठेवायला कपाटाचा एक कप्पा, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची माहिती या गोष्टी लहान वाटतात, पण पहिल्या दिवशी त्याच सर्वांत मोठ्या असतात. वर्गाशी ओळख करून देताना ‘या बी.एड.च्या मुली आहेत’ असे म्हणू नये. ‘या अमुक मॅडम, या सत्रात त्या आणि मी मिळून तुम्हाला गणित शिकवणार आहोत’ असे म्हणावे. या एका वाक्याने छात्राध्यापिकेचे वर्गातले स्थान ठरते. ते वाक्य चुकले तर पुढचे दोन महिने ती ते भरून काढत राहते.

पहिला आठवडा: पाहायला शिकवणे

परिषदेच्या आराखड्यातच सुरुवातीचा काळ नियमित शिक्षकाचा वर्ग पाहण्यासाठी ठेवलेला आहे. तो बहुधा वाया जातो, कारण ‘वर्गाचे निरीक्षण करा’ एवढेच सांगितले तर छात्राध्यापक शेवटच्या बाकावर बसून आपलेच टाचण सजवत बसतो. मागे बसल्यावर त्याला मुलांच्या पाठी दिसतात आणि शिक्षकाचे तोंड दिसते, त्यामुळे तो शिक्षकालाच पाहतो. त्याला बाजूला, फळ्याच्या रेषेत, मुलांचे चेहरे दिसतील असे बसवावे आणि नेमके काम द्यावे.

मी देते ते काम असे असते: पस्तीस मिनिटांत एकाच मुलाकडे पाहायचे आणि त्याने काय केले तेवढेच लिहायचे; त्याच्या मनात काय होते ते लिहायचे नाही. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकजण ‘मुलगी लक्ष देत होती’ असे लिहून आणतो. मी ती नोंद परत देते आणि विचारते की लक्ष देत होती हे कशावरून. दुसऱ्या दिवशी एका छात्राध्यापकाने आणलेली नोंद माझ्या आजही लक्षात आहे: ‘फळ्यावरची आकृती उतरवली. पट्टी नव्हती, कंपासपेटीच्या कडेने रेघ मारली. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा ओठ हलले, हात वर केला नाही. दुसऱ्या मुलाने तेच उत्तर दिल्यावर मागे वळून हसली.’ या चार ओळींत एका मुलीची गोष्ट आहे: तिला उत्तर येत होते आणि ते तिने दिले नाही. हे ज्याला दिसले तो उद्या स्वतः उभा राहील तेव्हा अशा मुलीकडे बघेल.

याच आठवड्यात छात्राध्यापकांना परिपाठाला उभे करावे, मधल्या सुटीत शालेय पोषण आहाराच्या रांगेजवळ थांबू द्यावे, वह्या तपासताना शेजारी बसवावे. शुक्रवारपर्यंत वर्गातील सर्व मुलांची नावे पाठ झाली पाहिजेत, असा माझा आग्रह असतो. ‘ए निळ्या दप्तरवाल्या, तू सांग’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाला वर्ग लवकर ओळखतो.

आपला तास पाहून झाल्यावर आपण काय ठरवले होते, त्यातले काय बदलले आणि का, हेही सांगावे. अनुभवी शिक्षक तासात दहा निर्णय घेतो, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. आज गटात काम देणार होते, पण दोन मुले भांडून आलेली दिसली म्हणून जोड्यांनी दिले, हे सांगितले नाही तर छात्राध्यापकाला वाटते की मॅडमना सगळे आपोआप जमते.

टाचणावर बोलणे

शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयांत टाचणाचा साचा पक्का असतो. उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे, पूर्वज्ञान, सज्जता प्रवर्तन, हेतुकथन, विषय विवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय, हे सर्व रकाने भरलेच पाहिजेत. त्या साच्याला नावे ठेवण्यात वेळ घालवू नये. छात्राध्यापकाला तो महाविद्यालयात दाखवायचा असतो आणि त्याच्याने विचारांना शिस्तही लागते. आपले काम आहे त्या रकान्यांमधून मुले कोठे आहेत ते विचारणे. टाचण पाठाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत हातात यावे, असा नियम करावा, कारण पाठाच्या दिवशी सकाळी पाहिलेल्या टाचणात काहीही बदलता येत नाही, त्यावर फक्त सही करता येते.

मी टाचण हातात घेतल्यावर तीनच प्रश्न विचारते. या तासानंतर मुलाला असे काय करता आले पाहिजे, जे त्याला आज येत नाही? मुले नेमकी कोठे चुकतील? आणि ती चुकली हे तुम्हाला कसे कळेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाचणात कोठेतरी असते. दुसऱ्याला थोडा विचार करावा लागतो. तिसऱ्याला सहसा शांतता पसरते, आणि त्या शांततेतच मार्गदर्शनाला सुरुवात होते.

एका छात्राध्यापिकेचा सहावीला भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ होता. मुले कोठे चुकतील, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘लसावि काढताना चुकतील.’ तेही खरे होते. मी त्यांना सांगितले की बरीच मुले लसाविपर्यंत पोहोचणारच नाहीत. ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून १/२ + १/३ याचे उत्तर २/५ लिहितील, आणि त्यांना त्यात काही वावगे वाटणार नाही. त्यांनी ती ओळ टाचणात पेन्सिलीने लिहून घेतली. पाठात तिचे पुढे काय करायचे ते मात्र आम्ही त्या दिवशी ठरवले नाही आणि ती चूक माझी होती. चूक आधी ओळखून उपयोग नसतो. ती दिसली की काय करायचे तेही टाचणातच लिहिलेले असावे लागते.

आदल्या दिवशीच्या या बोलण्यात आणखी एक गोष्ट ठरवावी: उद्या मी नेमके काय पाहू? छात्राध्यापकानेच सांगावे की माझे प्रश्न सगळ्या वर्गात जातात का ते पाहा, किंवा फळ्याकडे पाठ करून मी किती वेळ बोलतो ते पाहा. आधी बोलणे, मग पाहणे, मग पुन्हा बोलणे, अशी ही रीत हार्वर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन आणि रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत शिक्षक प्रशिक्षणात रुळवली. तिचे मोठेपण एवढ्यातच आहे की तिच्यात निरीक्षक काय पाहणार हे पाहिल्या जाणाऱ्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे त्याची भीती निम्म्याने उतरते.

वर्गात बसून काय लिहावे

निरीक्षणाच्या छापील नमुन्यात कौशल्यांसमोर पाच रकाने असतात आणि त्यांत खुणा करायच्या असतात. तो नमुना महाविद्यालयासाठी भरून द्यावा, पण तो पाठ संपल्यावर भरावा. पाठ चालू असताना कोरा कागद घ्यावा, डाव्या कडेला वेळ लिहावी, आणि जे ऐकू येते व दिसते तेच लिहीत जावे. ‘छान’, ‘गोंधळ’, ‘आत्मविश्वास कमी’ असले शब्द त्या कागदावर येऊ देऊ नयेत. त्या अपूर्णांकांच्या पाठाचा माझा कागद मध्यापासून असा होता:

१२.१० – फळ्यावर १/४ + १/६ सोडवून झाले, उत्तर ५/१२. मॅडम: ‘समजलं का?’ वर्ग एका सुरात: ‘होऽऽ.’
१२.१४ – वहीत सोडवायला १/२ + १/३. चौथ्या बाकावर २/५. तिच्या मागच्या बाकावर २/५. खिडकीकडच्या दोन वह्या कोऱ्या.
१२.१६ – पहिल्या बाकावरून मोठ्याने ‘पाच छेद सहा’. मॅडम: ‘शाब्बास!’ फळ्यावर ५/६.
१२.१७ – चौथ्या बाकावर २/५ खोडरबराने पुसले, ५/६ लिहिले.
१२.१९ – मॅडम बाकांमधून फिरतात. चौथ्या बाकावरच्या वहीत बरोबरची खूण.

या कागदावर एकही शेरा नाही. छात्राध्यापिकेचा आवाज त्या दिवशी स्पष्ट होता, फलकलेखन सुंदर होते, प्रबलनही (बरोबर उत्तराला दिलेली शाबासकी) योग्य वेळी झाले होते, आणि छापील नमुन्यात तिला चांगले गुण मिळाले असते. ती चुकीचे उत्तर लिहिणारी मुलगी मात्र बरोबरच्या खुणेसह घरी गेली. हे नमुन्यात कोठेच बसत नाही. ते वेळ टाकून लिहिलेल्या नोंदीतच सापडते.

असा कागद लिहिण्यासाठी निरीक्षकाने एका जागी खिळून बसू नये. मुले वहीत काम करत असतील तेव्हा उठून हलक्या पावलांनी वह्या पाहाव्यात, कोणाला काही सांगू नये, कोणाचे उत्तर दुरुस्त करू नये. मुलांना याची सवय दोन दिवसांत होते.

प्रश्नांची नोंद करायची असेल तर वर्गाच्या बैठकीचा साधा नकाशा काढावा आणि ज्या बाकावर प्रश्न गेला तेथे टिंब द्यावे. पाठ संपल्यावर सगळी टिंबे पुढच्या दोन रांगांत आणि उजव्या बाजूला दाटलेली दिसतात, आणि त्यावर आपल्याला एक शब्दही बोलावा लागत नाही. बी.एड.च्या सिद्धान्ताच्या तासाला फ्लँडर्स यांची वर्गातील आंतरक्रियेची दहा वर्गवारींची पद्धत शिकवली जाते. तिच्यात दर तीन सेकंदांनी नोंद घ्यावी लागते आणि दहापैकी सात वर्गवाऱ्या शिक्षकाच्या बोलण्याच्या, दोन विद्यार्थ्यांच्या आणि एक शांततेची किंवा गोंधळाची असते. शाळेच्या धबडग्यात ती जशीच्या तशी वापरणे शक्य नसते. टिंबांचा नकाशा ही तिचीच घरगुती आवृत्ती समजावी.

दुसरी मोजण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यानंतरचा वेळ. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासांत असे दिसले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. छात्राध्यापकाला एक सेकंदाची शांतता एका युगासारखी वाटते. आपला प्रश्न पडला की काय, या भीतीने तो स्वतःच उत्तर देतो. मनातल्या मनात ‘एक, दोन, तीन’ मोजायला सांगावे आणि आपण मागे बसून बोटांवर मोजावे. एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण आठवडा घालवला तरी तो सत्कारणी लागतो.

पाठ चालू असताना मध्ये बोलावे का? एरवी कधीही बोलू नये. मुलांसमोर मार्गदर्शकाने एकदा टोकले की छात्राध्यापकाचा शब्द वर्गात पडतो आणि तो पुन्हा उचलणे फार अवघड जाते. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल किंवा एखाद्या मुलाचा अपमान होत असेल तर मात्र थांबू नये. आशयाची चूक झाली तर चिठ्ठी पाठवण्याची पद्धत आधीच ठरवून ठेवावी. एका छात्राध्यापकाने पाचवीत १ ही मूळ संख्या आहे असे फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते उतरवून घेतले. १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही, हे चिठ्ठीत लिहून मी ती टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली, पण गडबडीत पाठ तसाच संपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात उभे राहून ‘काल मी तुम्हाला चुकीचे सांगितले’ असे म्हणून सुरुवात केली आणि दोन विभाजक असणे म्हणजे काय हे पुन्हा शिकवले. तो त्यांचा सर्वांत चांगला पाठ झाला.

पाठानंतरचे बोलणे

हे बोलणे त्याच दिवशी झाले पाहिजे आणि इतरांच्या देखत होता कामा नये. शिक्षक खोलीत, चहाच्या वेळी, चार सहकाऱ्यांसमोर दिलेली सूचना कितीही सौम्य असली तरी तिची चव कडूच राहते. रिकामी प्रयोगशाळा, ग्रंथालयाचा कोपरा, काही नसेल तर वर्ग सुटल्यावर तोच वर्ग, अशी जागा शोधावी. वीस मिनिटे पुरतात.

सुरुवात छात्राध्यापकाने करावी. ‘कसा झाला पाठ?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘बरा झाला’ किंवा ‘वाईट झाला’ एवढेच असते आणि दोन्हींत शिकण्यासारखे काही नसते. ‘मुलांना कोठे येत होते आणि कोठे येत नव्हते, असे तुम्हाला दिसले?’ असे विचारावे. मग नोंदीचा कागद त्यांच्या हातात द्यावा आणि आपण गप्प बसावे. त्या छात्राध्यापिकेने १२.१४ ते १२.१९ या ओळी दोनदा वाचल्या आणि त्या एवढेच म्हणाल्या, ‘मॅडम, मी तिला बरोबर दिलं.’ त्यानंतर मला सांगण्यासारखे काही उरले नव्हते. पुढच्या तासाला काय करायचे ते आम्ही मिळून ठरवले. त्यांनी स्वतःच फळ्यावर २/५ लिहायचे, कोणाचेही नाव घ्यायचे नाही, आणि विचारायचे की अर्धी भाकरी होती, तिच्यात आणखी एक तृतीयांश भाकरी घातली, तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्यायचा आणि त्याऐवजी सगळ्यांनी वही उलटी धरून उत्तर दाखवायचे.

एका पाठातून एकच गोष्ट पुढे न्यावी. आपल्याला पंधरा गोष्टी दिसलेल्या असतात आणि त्या सर्व खऱ्या असतात, पण पंधरा ऐकणाऱ्याला एकही करता येत नाही. सूक्ष्म अध्यापनाची जी पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली आणि आपल्या बी.एड.मध्ये पहिल्याच सत्रात येते, तिचे मर्म हेच होते की थोड्या वेळात, थोड्या मुलांसमोर, एकाच कौशल्यावर काम करायचे आणि लगेच पुन्हा शिकवायचे. महाविद्यालयात सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात, त्यामुळे तेथे सर्व कौशल्ये चोख जमतात. खऱ्या वर्गात आल्यावर ती विस्कटतात. यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि हे त्यांना मोकळेपणाने सांगावे.

कौतुकही नेमके असावे. ‘पाठ उत्तम’ या कौतुकाने काही कळत नाही. ‘मागच्या बाकावरच्या मुलाने अर्धवट उत्तर दिले तेव्हा तुम्ही त्याचेच शब्द फळ्यावर लिहून इतरांना ते पुढे न्यायला सांगितले’ हे ऐकणाऱ्याला आपण काय बरोबर केले ते कळते आणि ते तो पुन्हा करू शकतो.

वर्ग हाताबाहेर जातो तेव्हा

आपण मागे बसलेले असलो की वर्ग शांत असतो आणि आपण बाहेर पडलो की गलका होतो, हा अनुभव प्रत्येक छात्राध्यापकाला येतो. मुले त्यांची परीक्षा पाहत असतात. वर्ग एकदम सोपवून निघून जाणे हा छात्राध्यापकावर आणि मुलांवरही अन्याय आहे. पहिल्या टप्प्यात तास आपला असावा आणि त्यातली दहा मिनिटे त्यांची असावीत, मग उदाहरणे सोडवून घेण्याचा भाग त्यांचा, मग पूर्ण तास त्यांचा पण आपण वर्गात, आणि त्यानंतर आपण व्हरांड्यात किंवा शेजारच्या खोलीत. कायद्याने आणि पालकांच्या दृष्टीने वर्ग शेवटपर्यंत आपलाच असतो, म्हणून हाकेच्या अंतरापलीकडे जाऊ नये.

गोंधळ झाल्यावर आपण धावत जाऊन दरडावून वर्ग गप्प केला, तर पुढच्या वेळी तो त्यांच्यासाठी गप्प बसणार नाही. नंतर त्यांच्याबरोबर बसून गोंधळ कोणत्या मिनिटाला सुरू झाला ते शोधावे. माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सुरू होतो: शिक्षक फळ्यावर लांब काहीतरी लिहीत असताना, आणि ‘वह्या काढा’ म्हटल्यानंतर काय करायचे ते न सांगितल्यामुळे. दोन्हींवर उपाय आहे आणि त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

शिक्षेबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी आहे. घाबरलेला नवा माणूस अनेकदा स्वतः शाळेत जे सोसले तेच करून बसतो. पट्टी उगारतो, बाकावर उभे करतो किंवा एखाद्याच्या घरच्या परिस्थितीवर बोलतो. तसेच मुलांचे फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवर काढून ते समूहांवर टाकू नयेत, अहवालासाठी फोटो हवे असतील तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, आणि मुलांशी वैयक्तिक फोनवर संपर्क ठेवू नये, हेही तेव्हाच सांगावे.

छात्राध्यापक थकलेला असतो

यांच्यातील कोणी पहाटेची एसटी पकडून येते, कोणी संध्याकाळी शिकवणी घेऊन शुल्क भरते, कोणी लहान मूल सासूबाईंकडे सोपवून दहा वर्षांनी पुन्हा शिकायला निघालेली असते. महाविद्यालयाचे अहवाल, पदवीचे विषय आणि पात्रता परीक्षेची तयारी हे सर्व याच काळात येते. टाचण उशिरा आले म्हणून रागावण्याआधी कारण विचारावे. आठवीच्या वर्गातून बाहेर येऊन ग्रंथालयात रडत बसलेल्या छात्राध्यापिकेला त्या वेळी सल्ला देऊ नये. पाणी द्यावे, चहा मागवावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर तिच्याबरोबर आपण जावे. तो वर्ग टाळू देऊ नये.

पण सहानुभूतीच्या नावाखाली सत्य लपवू नये. एखाद्याला विषयच नीट येत नसेल, तो तयारी करून येतच नसेल किंवा मुलांविषयी त्याला आस्थाच नसेल, तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते त्याला समोर बसवून सांगावे, काय सुधारायचे आणि कधीपर्यंत ते लिहून द्यावे, आणि प्राध्यापकांनाही त्याच दिवशी कळवावे. शेवटी गुणपत्रिकेत सर्वांना सारखेच भरघोस गुण देण्याची पद्धत मला मान्य नाही. आज आपण वाईटपणा टाळला, तर उद्या कुठल्यातरी द्विशिक्षकी शाळेतली मुले तीस वर्षे त्याची किंमत मोजतात, आणि त्या मुलांच्या वतीने बोलणारे त्या खोलीत आपल्याशिवाय कोणी नसते.

शेवटचा आठवडा

निरोपसमारंभाची तयारी शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि मुले रंगीत कागदांची शुभेच्छापत्रे करू लागतात. त्याआधी छात्राध्यापकांकडून वर्ग रीतसर परत घ्यावा. त्यांनी घेतलेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका आपल्यासमोर बसून तपासाव्यात, कोणता घटक किती झाला ते लिहून द्यावे, आणि ज्या चार-पाच मुलांकडे त्यांनी विशेष लक्ष दिले त्यांच्याविषयी प्रत्येकी दोन ओळी लिहाव्यात: काय येऊ लागले, काय अजून अडते. या ओळी पुढे आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदींसाठी आपल्याला खरोखरच उपयोगी पडतात, कारण काही मुलांकडे सोळा आठवडे आपल्यापेक्षा त्यांनी जास्त जवळून पाहिलेले असते.

मग त्यांना त्यांच्या पहिल्या पाठाचा आणि शेवटच्या पाठाचा नोंदीचा कागद शेजारी शेजारी ठेवून द्यावा आणि वाचू द्यावा. त्या अपूर्णांकांच्या छात्राध्यापिकेच्या शेवटच्या पाठाच्या कागदावर एक ओळ अशी होती: ‘११.४२ – प्रश्न विचारला. थांबल्या. चौथ्या बाकावरून हात वर.’ तो कागद त्यांनी माझ्याकडून मागून घेतला.